खणातल्या दोन डिस्क

तळघरातल्या त्या खोलीला खिडकी नव्हती. होती ती त्यानेच विटांनी बुजवून घेतली, धूळ नको म्हणून. बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधून लोकांचं हरवलेलं काढून देणं हा त्याचा धंदा. आजूबाजूचे दुकानदार त्याला वैद्यबुवा म्हणत.

गिऱ्हाइकाला त्याचा पहिला प्रश्न ठरलेला : "बिघडल्यावर किती वेळा चालू करून पाहिलीत?" उत्तर ऐकून तो करवादे. आतला वाचणारा हेड मोडला असेल, तर दर वेळी तो तबकडी खरवडत फिरतो.

त्याच्या खणात सारख्याच बनावटीच्या दोन डिस्क होत्या. एक त्याची, तीन वर्षांपूर्वी त्याच्याच कोपराचा धक्का लागून टेबलावरून पडलेली. तिच्यात बायकोचा आवाज होता : गुणगुणणं, भांडणं, लेकीला रागे भरणं. घशाच्या ऑपरेशननंतर तिला नुसतं कुजबुजता येई. दुसरी डिस्क धडधाकट, वर्षभर शोधून मिळवलेली. तिचे हेड काढून पहिलीत बसवायचे होते. पण ते एकदाच काढता येतात. फसलं की संपलं. म्हणून तो खण उघडायचा आणि पुन्हा लावून टाकायचा.

मग एक शिंपीणबाई आली, नेमकी त्याच बनावटीची बंद पडलेली डिस्क घेऊन. आत तिने बारा वर्षांत बनवलेले कपड्यांचे नमुने आणि गिऱ्हाइकांची मापं होती.

"किती वेळा चालू केलीत?"

"एकदाच. टिकटिक ऐकली आणि हातच लावला नाही."

असं गिऱ्हाईक त्याला वर्षातून एखादं भेटे. तरी तो म्हणाला, "हिचे हेड मिळत नाहीत, बाई."

ती दर शनिवारी येत राहिली. चौथ्या शनिवारी बायको डबा घेऊन आली होती.

"मापं गेली तर जाऊ देत," शिंपीणबाई म्हणत होती, "माणसं एवीतेवी सुटलीच आहेत. पण नमुने गेले, तर मी हात बांधून बसू का?"

"मिळत नाहीत, सांगितलं ना."

बायको त्याच्या कानाशी वाकली. "खणात आहे ती?"

"तुझ्यासाठी ठेवलीय."

"मग बसवा की. तीन वर्षं काय अंडी उबवताय? आणि बाई, तुम्ही बसा. आमची उघडून काही निघण्यासारखं नसलं, तर तुमचं बघू."

त्याने हातमोजे चढवले. आपली डिस्क काचेच्या पेटीत ठेवली, एकेक स्क्रू काढला, झाकण उचललं.

आरशासारख्या तबकडीवर बोटभर रुंद मळकट कडं उमटलं होतं. आतल्या कडांना काळी पूड.

"हे काय?" बायकोने विचारलं.

"खरवडलीय. आता काही निघणार नाही."

"पडली तेव्हा?"

त्याने झाकण खाली ठेवलं. "नाही. मी लावून बघायचो. अधूनमधून. कान लावून. वाटायचं, आज फिरेल."

"किती वेळा?"

या प्रश्नावर लोक छताकडे का बघतात, ते त्याला आज कळलं. "मोजलं नाही," तो म्हणाला.

बायकोने खणातली धडधाकट डिस्क काढून त्याच्यापुढे ठेवली.

"तुमची द्या इकडे, बाई," तो म्हणाला.

शिंपीणबाईने पिशवी उघडली. बायकोने जाऊन दाराला आतून कडी घातली. धूळ येऊ नये म्हणून.