कुत्र्यासाठी काटे काढलेला मासा

सर्व आप्तेष्टांना व हितचिंतकांना जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, बेसा येथील आमच्या घरात दोन जिवांची आतडी दीर्घकाळ बिघडलेली असून, त्यांपैकी एकाच जिवाची सेवा चालू आहे. तो जीव भुंकतो.

माझा आजार आठ वर्षांचा. अल्सरेटिव्ह कोलायटिस. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मोठ्या आतड्यावर चालून जाते, आतून सूज येते, व्रण पडतात. का, ते नक्की कोणी सांगत नाही. कुत्र्याचा आजार अवघ्या दोन महिन्यांचा. ज्येष्ठता यादीत मी कितीतरी वर होतो. पण घरात ज्येष्ठता पाहतो कोण?

कुत्रा गावठी, अकरा वर्षांचा. घर बांधताना विटांच्या ढिगामागे सापडलेला. त्याला रोज पातळ व्हायला लागलं, वजन उतरलं, बरगड्या मोजता येऊ लागल्या. बायको खचली. जंतांचं औषध झालं, शी तपासली, रक्त तपासलं. बी-ट्वेल्व्ह कमी निघालं म्हणून इंजेक्शनं सुरू झाली.

माझे रामदासपेठेतले डॉक्टर मोठे. दोन तास बसवतात आणि पाच मिनिटांत कॉम्प्युटरकडे पाहत म्हणतात, "गोळ्या चालू आहेत ना? तिखट कमी करा." कुत्र्याची डॉक्टर मात्र जमिनीवर मांडी घालून बसली. तरुण मुलगी. पाऊण तास त्याच्या पोटावरून हात फिरवत एकेक गोष्ट विचारत होती. "घरात काही ताणतणाव?"

"मले आहे," मी म्हणालो.

कोणी वळूनही पाहिलं नाही.

तिने समजावलं त्यातलं अर्धं मला पाठच होतं. कुत्र्यातही प्रतिकारशक्ती आतड्यावर उलटते. फरक एवढाच, की बऱ्याच कुत्र्यांचं नुसतं अन्न बदलून भागतं. त्यांना एखाद्या प्रथिनाचं वावडं असतं. म्हणून जन्मात न खाल्लेलं एकच प्रथिन द्यायचं, बाकी तोंडात काही जाऊ द्यायचं नाही. नाही जमलं तर भूल देऊन दुर्बीण, आतड्याचा तुकडा तपासायचा आणि मग स्टेरॉइड.

आमच्या साहेबांनी चिकन, अंडी, दूध सगळं चाखलेलं. मासा तेवढा राहिला होता, काट्यांच्या भीतीने. मग रोहू आणि बटाटा ठरला. बायको चष्मा लावून उकडलेल्या माशातला एकेक काटा वेचायला बसली. मी समोर बसून पाहत होतो. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, माझ्या ताटात मासा काट्यांसकट येतो.

"मीही पोटाचा पेशंट आहो," मी आठवण दिली.

"तुमच्या पोटाले तोंड आहे. दिवसभर बोलतच राहते ते," ती मान वर न करता म्हणाली.

तिने त्याच्या शीची वहीसुद्धा केली. वेळ, रंग, घट्टपणा. मी माझ्या पोटाची बातमी सांगायला गेलो की, "जेवताना नको."

तीन आठवडे झाले. काटे निघत होते, वही भरत होती, कुत्रा वाळतच होता. डॉक्टरने पुन्हा वजन केलं आणि म्हणाली, "पुढच्या आठवड्यात दुर्बीण करून टाकू. वय आहे त्याचं, भूल देताना थोडा धोका असतो. आधी सांगितलेलं बरं."

बायकोचा हात कुत्र्याच्या मानेवर थांबला. "उठेल ना हा?" तिने विचारलं.

डॉक्टरने पेन उचललं आणि दुर्बिणीची तारीख लिहायला घेतली.

आता मला जे ठाऊक होतं ते त्या खोलीत फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं, आणि दुसरा बोलणाऱ्यातला नव्हता. शनिवारी सकाळी त्याला फिरवायला मी नेतो. आमचं फिरणं तर्री-पोह्याच्या ठेल्याशी संपतं. पोहे अर्धे झाले की ठेलेवाला न मागता वरून आणखी एक पळी तर्री ओततो. द्रोणाच्या तळाशी जो लाल रस्सा उरतो, तो कुत्र्याचा. वर्षानुवर्षांचा रिवाज. डायट सुरू झाल्यावरही मी तो मोडला नाही. दोन थेंबांनी काय होतं, असं मनाला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. घरात तो तिचा असायचा आणि ती त्याची. ठेल्यावर तो माझा असायचा.

"मॅडम, एक सांगाचं राहून गेलं," मी म्हणालो, आणि सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "तर्रीत कांदा-लसूण असतो. कुत्र्यांना तो विषासारखा. आणि काका, याचा अर्थ डायट अजून सुरूच झाला नाही." तिने रक्ताची तपासणी परत लिहिली, दुर्बीण पुढे ढकलली. आजपासून सहा आठवडे मासा-बटाटा, द्रोण चाटणं बंद. मग माझ्याकडे वळली. "आणि तुमच्या गोळ्या? नियमित घेता?"

आठ वर्षांत प्रथमच कोणी तोंडाकडे पाहून विचारत होतं. मी खुलून सांगायला लागलो. बरं वाटलं की सोडतो, त्रास झाला की घेतो, तर्री मात्र नियमित. ती म्हणाली, "तर्रीने हा आजार होत नाही. पण सुजलेल्या आतड्यावर ती ओतायची कशाला? गोळ्या मनाने बंद करू नका. तुमच्या डॉक्टरांनाही हे असंच खरं सांगा."

हे ऐकताना मला इतकं छान वाटत होतं, की बायकोकडे लक्षच गेलं नाही. कुत्र्याला तर्री पाजली म्हणून ती मला तिथेच सोलून काढेल, याची तयारी मी ठेवली होती. पण ती कुत्र्याकडे पाहतच नव्हती. माझ्याकडे पाहत होती, आणि तिचे डोळे भरले होते.

"आठ वर्षं मी तुमच्यासंग फिकं वरण खाऊन राहिली," ती म्हणाली, "अन् तर्री कुत्र्याले?"