घूती पंचांचा 'अ'

आमच्या त्लेमसेन शहरात 'क'चा 'अ' होतो. पुस्तकी अरबीत कॉफी म्हणजे कहवा, आम्ही अहवा पितो. बाईच्या तोंडी हा 'अ' लोकांना गोड लागतो. पुरुषानं म्हटला की परगावचे हसतात. म्हणून आमची पोरं मिसरूड फुटलं की घराबाहेर 'गहवा' म्हणू लागतात, कारण आसपासच्या मुलखात 'क'चा 'ग' होतो. माझे वडील, घूती बेनदिमराद, यांनी ते कधीच केलं नाही.

पलटणीत हवालदारानं त्यांना रांगेबाहेर काढलं आणि सांगितलं, 'गहवा' म्हणशील तेव्हाच पेला मिळेल. वडिलांनी तो हिवाळा नुसत्या पाण्याबरोबर पाव खाऊन काढला.

पुढे ते फुटबॉलचे पंच झाले. शेजारच्या ओरान शहरातल्या मैदानात ते बोलायला लागले की प्रेक्षकांतून 'अ, अ' असा गलका उठायचा. एकदा सामना संपत आला असताना त्यांनी तिथल्याच संघाविरुद्ध पेनल्टी दिली. कप्तान कमरेवर हात ठेवून, लाडिक आवाज काढत समोर आला. "किती वेळ उरलाय गं, ताई?"

वडिलांनी घड्याळ पाहिलं आणि अस्सल त्लेमसेनीत सावकाश सांगितलं, "बाकीच्यांना थोडा आहे. तुझा संपला." मग खिशातून लाल कार्ड काढलं.

त्या दिवशी पोलिसांच्या गाडीतून त्यांना मैदानाबाहेर आणावं लागलं. घरी आई वैतागली. बाहेरच्यांपुरतं 'ग' म्हटलं तर जीभ झिजेल का, असं तिनं विचारलं.

"बोलायला मला माझ्या आईनं शिकवलं," वडील म्हणाले. "बायकी म्हणतात ते खरंच आहे. त्यात लाजायचं काय?"

मी शाळेत अरबी शिकवते. पुस्तकातला 'क' वर्गात स्वच्छ उच्चारते, वर्गाबाहेर पडले की माझा 'अ' सुरू. माझा भाऊ शुक्री ओरानच्या बँकेत 'ग' म्हणतो. वडिलांनी त्याला कधी टोकलं नाही. आमच्या गल्लीत 'अ' म्हणणारे पुरुष आता थोडेच राहिलेत, हेही खरं.

पण निवृत्तीनंतर वडील नवे पंच घडवू लागले. ओरानचा एक तरुण त्यांच्या हाताखाली शिकून परत गेला आणि त्याच्या बापाचा तक्रारीचा फोन आला: पोरगा मैदानात 'अ' म्हणतो, लोक हसतात.

"निर्णय बरोबर देतो ना?" वडिलांनी विचारलं.

बाप म्हणाला, निर्णयाला कोणी नावं ठेवत नाही.

"मग हसू द्या त्यांना."