विचारल्याशिवाय कुदळ नाही

गोवा मुक्त झाल्यावर काही वर्षांनी बाबा शिरगावची खाण सोडून आफ्रिकेत, सिएरा लिओनला गेले. तिथल्या खाणीत यंत्रं दुरुस्त करायला. येताना घड्याळ-बिड्याळ आणतील म्हणून आम्ही वाट बघत होतो. कसलं काय! आणल्या त्या शेर्ब्रो लोकांच्या गोष्टी.

शेर्ब्रो म्हणजे तिथल्या किनाऱ्यावरची, बेटांवरची माणसं. मासे मारणारी, भात पिकवणारी. आपल्यासारखाच त्यांच्याही दारात पोर्तुगीज उतरला, बाबा सांगायचे. त्यांच्या कारागिरांनी हस्तिदंतात कोरलेली भांडी गोऱ्यांनी जहाजात भरून राजांच्या पंगतीला नेली. मग जहाजांतून माणसंही नेली, विकायला. पुढे इंग्रजांनी घरपट्टी लादली तेव्हा तिथे उठाव झाला आणि पुष्कळ माणसं मेली.

पण बाबांची लाडकी गोष्ट मुखिया बाईची. शेर्ब्रोंमध्ये बाईही मुखिया होते, आणि हे आजकालचं नव्हे. जुन्या मुखिया बायांची नावं तिथे अजून मानानं घेतात. खाणीच्या साहेबाला नवा तुकडा खणायचा तर आधी तिच्या अंगणात जावं लागे. तिच्यापुढे कोलाच्या बिया ठेवायच्या, आपण सुपारी ठेवतो तशा, आणि खाली बसून विचारायचं. ती हो म्हणेपर्यंत कुदळ उचलायची नाही. साहेबाबरोबर बाबाही एकदा बसले होते. त्याचा त्यांना केवढा अभिमान!

आणि हाच आमचा बाप एका दुपारी जेवता जेवता आईला म्हणाला, कुळागर खाणवाल्यांना द्यायचं ठरवलंय, त्या पैशात ट्रक घेतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! कुळागर म्हणजे घरामागची झरीवरची आमची माडा-पोफळींची बाग. लग्न होऊन आली तेव्हापासून आई ती शिंपत होती. तिचा जीव होता त्यात.

आईनं आमटी वाढायचा डवला खाली ठेवला.

"थंय परक्या बाईक विचारल्याशिवाय कुदळ घातली नाय. हांगा माका विचारलात?"

बाबांनी ताटातच हात धुतला आणि उठून गेले. मला तर वाटलं, आता हे घर मोडणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई चुलीपाशी होती. बाबा आंघोळ करून आले. ताटलीत कुळागरातलीच सुपारी होती. ती त्यांनी आईपुढे ठेवली आणि जमिनीवर मांडी घातली.

"कुळागर देवया काय गो?"

"ना."

एवढंच. आईनं सुपारी पदराच्या टोकाला बांधली आणि भाकरी उलटली. बाबा कामावर गेले.

शेजाऱ्यांनी खाणीला जमिनी दिल्या, ट्रक घेतले. खाण खोल गेली तशी आमची झर आटली, पोफळी उभ्या वाळल्या. आई त्यांच्या बुंध्याला हात लावून रडायची, आणि मीही. आता कुळागर फुकट दिलं तरी कोणाला नको होतं. ट्रकवाल्यांनी घरांवर कौलांच्या जागी स्लॅब घातले. बाबा मरेपर्यंत जुन्या सायकलवरून फिरले. पण 'बघ, मी सांगत होतो' हे त्यांच्या तोंडून आईनं कधी ऐकलं नाही.