लेन्सवरचा लाल ठिपका

जुन्या मॅन्युअल लेन्स वापरणाऱ्यांनो, आज सकाळचं सांगतो.

बाबांचा मुळशीत फोटो स्टुडिओ होता. ते गेल्यावर त्यांची लेन्स मी अडॅप्टर लावून माझ्या मिररलेस कॅमेऱ्यावर बसवली. तिच्या फोकस रिंगवर नेलपॉलिशचा लाल ठिपका आहे. तो कशासाठी, ते कधी कळलं नव्हतं.

आज गावी शेजारच्या आबांनी बोलावलं. "माज्या मागं हार घालायला एक फोटू काढून ठेव," म्हणाले. स्क्रीनवर त्यांचा चेहरा मोठा करून मी बराच वेळ रिंग फिरवत राहिलो. आबा कंटाळले.

"तुझा बाप ठरल्या मापाची दोरी धरायचा. माज्या नाकापास्नं कॅमेऱ्यापत्तोर. भिंग लाल ठिपक्यावर फिरवलं की झालं. शेवटी शेवटी त्येला नीट दिसत न्हवतं. गावाला ठावं व्हतं. तरी आमी त्येच्याकडंच जायचो."

मला ठाऊक नव्हतं.

रिंग ठिपक्यावर ठेवली आणि पावलापावलाने मागे सरकलो. एका जागी आबांचे डोळे लख्ख दिसले. फोटो काढला.

बाबा होते तेव्हा घरी आलो की मी त्यांना मोबाइलवर माझे फोटो दाखवायचो. ते प्रत्येक फोटोला "छान आलाय" म्हणायचे. मी लगेच पुढचा दाखवायचो.

तुम्ही कधी विचारलंय घरी, नीट दिसतंय का म्हणून?