साहेबाचा मेजर आणि आमचे पितर

लकडगंजातल्या आमच्या वखारीत भुसा आणि किस्से दोन्ही झाडावे तेवढे कमीच! त्यातले निम्मे मेजरचे.

* * *

मेजर म्हणजे ग्रेट डेन जातीचा कुत्रा. विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाने सासऱ्यांच्या गळ्यात मारला. माझ्यानंतर या घरात आलेला तो एकटाच, म्हणून मला आपला वाटे. दारातून वासरू शिरावं तसा शिरला. माळकरी सासूबाई म्हणाल्या, "पितृपक्षाच्या आत हे धूड घराबाहेर!"

कन्हानचा एक मालगुजार न्यायला तयारही झाला. मी मनात म्हटलं, बघू.

* * *

मेजरला रोज मटण लागे. अंगणात वेगळी चूल मांडली, वेगळा आचारी आला. सासूबाई सासऱ्यांना म्हणाल्या, "जावयाचेही इतके लाड नाही केले जी तुम्ही!"

* * *

वैशाखात त्याच्यासाठी वाळ्याची ताटी लागली. दुपारी पाहिलं तर ताटीमागे सासरे घोरत होते. मेजर बाहेर, उन्हात!

* * *

त्याला फक्त इंग्रजी कळे. एकदा त्याने सासूबाईंच्या पापडांत तोंड घातलं. मी नवी नवरी, मोठ्यांसमोर तोंड न उघडणारी; भान विसरून ओरडले, "सिट!"

मेजर पापड खातच राहिला. उठू लागलेले सासरे मात्र मटकन बसले!

"कोण बोललं वं?" सासूबाईंनी विचारलं. माझा आवाज त्यांनी तोवर ऐकलाच नव्हता.

* * *

पितृपक्ष आला. मालगुजाराची बैलगाडी दुसऱ्या दिवशी यायची होती.

आजेसासऱ्यांचं पान कौलांवर ठेवलं. खाली मेजर बांधलेला, नजर वड्यांवर. कावळे कडुनिंबावरून हलेनात! कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही.

सासूबाईंनी पानाकडे पाहून आपल्या सासऱ्यांना हात जोडले, "मामाजी, काय राहिलं तुमचं? मी काशीले जाईन." कावळे ढिम्म.

"तंबाखू सोडतो," सासरे कळवळले. ढिम्म.

मी पदराआडून म्हटलं, "त्यांना कुत्र्यांचा लळा होता, असं ऐकलंय. मेजर इथंच राहील, असं म्हणून पाहा ना."

सासूबाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. पोटात भूक, वर कावळे. शेवटी डोळे घट्ट मिटून त्या म्हणाल्या, "राहू द्या जी त्याले!"

तेवढ्यात मी साखळी सोडून मेजरला लाकडांच्या थप्पीमागे नेलं होतं.

कावळा सरळ पानावर!

"मामाजी, आधी नाही का सांगायचं?" सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. गाडी रिकामी परत गेली.

तेव्हापासून मेजरसमोरून जाताना सासूबाई डोक्यावर पदर घेतात!