कॅन की कॅन्ट

औषध लावलेल्या बियाण्याची पिशवी फोडली की त्या उग्र वासाने मी अजूनही जालन्याच्या एमआयडीसीतल्या बियाणे कारखान्यात जाऊन पोचते. मी तिथे नवीनच क्लार्क होते. बंद पडलेल्या मशीनबद्दल परदेशातला इंजिनियर फोनवर इंग्रजीत सांगत होता आणि मी ते सगळ्यांना मराठीत. 'अंडर' म्हणजे खाली, हे पक्कं कळलं. त्याआधीचा शब्द 'कॅन' होता की 'कॅन्ट', ते मात्र नीट ऐकू आलं नाही. तरी मी म्हणाले, "खाली शिरून काम करता येतं." फिटर सलीमचाचा लगेच साखळीने उचलून धरलेल्या भरलेल्या टाकीखाली शिरले.

परत विचारलं तर शेजारी उभे असलेले मॅनेजर साहेब म्हणतील, हिला इंग्रजीच येत न्हाई. म्हणून मी गप्प राहिले. तेवढ्यात टाकीची साखळी करकरली आणि मी ओरडले, "चाचा, बाहेर या! जल्दी!" मग फोनवर विचारलं, "कॅन ऑर कॅनॉट?"

"कॅनॉट!"

चाचा बाहेर येऊन कपाळ पुसत म्हणाले, "पुन्हा विचारलंस, बराबर केलंस बेटा."

तेव्हा साहेबांसमोर इंग्रजी चुकल्याची लाज वाटली होती. आता लाज वाटते ती मी गप्प राहिले त्या मिनिटाची. चाचांना ते मी कधीच सांगितलं नाही.