शेपूट आल्याशिवाय मडकं उघडत नाही

दोन वर्षांपूर्वी आजच्या दिवशी आम्ही वालाच्या शेंगा सोलत बसलो होतो आणि वसंतकाका मागे चिखलात पडले होते.

निखिल, तुला टॅग केलंय. टॅग काढलास तरी स्क्रीनशॉट आहेत.

बाकीच्यांसाठी पहिल्यापासून सांगते.

निखिल आमच्या रविवारच्या सायकल ग्रुपचा लीडर. आणि वसंतकाका आमचं शेपूट.
म्हणजे सगळ्यात मागे राहणारा माणूस. कुणाची चेन तुटली, कुणी पडलं, की शेपूट थांबतं. साठी उलटलेली, आयुष्यभर ट्रकची इंजिनं खोललेले हात, आणि पितळी घंटीची जुनी काळी सायकल.

"तुमी व्हा फुडं. मी हाय मागं."
दर राईडला हे एकच वाक्य.

थंडीतली राईड आम्ही पोपटीवर संपवतो. शेतात वालाच्या शेंगांचं मडकं जाळात भाजायला लावलेलं असतं, सगळे पोचले की उघडायचं. पोचले की नाही हे सायकली बघून ठरतं. काळी सायकल दिसली की समजायचं, मागे कुणी उरलं नाही.

त्या रविवारी चौलच्या पुढच्या खाजणातून, खाडीकाठच्या दलदलीतून जायचं होतं. उधाणात बांध फुटून खांड पडलेली, खाडीचं पाणी बैलगाडीच्या वाटेवर आलेलं. काका म्हणाले होते, "आज रस्त्यानं जाव."
निखिल म्हणाला, "काका, चिखलातच तर मजा आहे! रील बघा कसली येते."

अर्ध्या वाटेत मी पडले. पाय मुरगळला, आणि माझ्या सायकलचा गिअर मोडून चाकात अडकला.

काकांनी बघितलं. "हा हितं न्हाय व्हायचा. भरती लागंल आता. तू माजी सायकल घे."
"आणि तुम्ही?"
"तुजी खांद्यावर टाकून येतो. जा पोरी. मी हाय मागं."

मी गेले. एका पायाने पेडल मारत गेले.

पोचल्या पोचल्या निखिलला सांगितलं. तुझ्या तोंडावर सांगितलं, निखिल. "काका मागे आहेत, चालत येतायत, माझी सायकल उचलून. कुणालातरी पाठव."

तू काय म्हणालास, आठवतं?
"येतील गं. त्यांना वाट पाठ आहे. शेंगा करपतायत."

आणि मडकं उघडलंस.

पाऊण तासाने वालाच्या शेतातला एक माणूस धावत आला. काका बांधालगतच्या चिखलात पालथे पडले होते. माझी सायकल अजून खांद्यावर होती. श्वास चालू होता.

डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला हवं होतं.

अर्धा तास आधी तू मीठ मागत होतास.

मग स्मशानात काकींसमोर हात जोडून म्हणालास, "काकी, त्यांची सायकल दिसली, म्हणून आम्हाला वाटलं काका पोचले. कुणी सांगितलंच नाही."
मी शेजारी उभी होते. नंतर मला बाजूला घेऊन हळूच म्हणालास, "तू त्यांची सायकल घेऊन आलीस हे कळलं तर लोक तुलाच बोलतील. मी तुला वाचवतोय."

मी दोन वर्षं वाचले.

कारण शेंगा मीही खाल्ल्या. भूक लागली होती, गरम होत्या, खाल्ल्या. आता बोला मला काय बोलायचं ते.

मी आजही गप्प बसले असते. पण परवा ग्रुपवर तुझं पोस्टर आलं. "वसंतकाका मेमोरियल मड राईड." टी-शर्टवर काकांचा फोटो, आणि फोटोच्या वर तुझं नाव, मोठ्या अक्षरात.

काल काकींकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्या तांदळातले खडे निवडत होत्या. ताट खाली ठेवलं.

मग म्हणाल्या, "दोन वर्सं लावलीस गो."

मी रडायला लागले. त्या म्हणाल्या, "रडू नको. पडवीतली त्यांची सायकल घेऊन जा. हवा मारून घे."

तर निखिल, रविवारी मी येतेय. काळी सायकल घेऊन. शेपूट मी आहे.

सायकलवर बसणार नाही. खांद्यावर घेऊन चालत येणार आहे, त्याच चिखलातून. कितीही वेळ लागो.

तोवर मडकं उघडायचं नाही. नियम आपलाच आहे. शेंगा करपू देत, कोळसा होऊ दे.

आणि तू एकटा वाट बघणार नाहीस. काकी दुपारपासूनच मडक्यापाशी येऊन बसणार आहेत. त्यांना तुला एकच विचारायचंय. शेंगा कशा झाल्या होत्या?

उत्तर तयार ठेव. मी पोचेपर्यंत भरपूर वेळ मिळेल.

काका, श्रद्धांजली पोस्टरवर छापलेली आहे, ती निखिल वाहील.
मला एवढंच सांगायचंय.

तुमी व्हा फुडं. मी हाय मागं.